अकराचे सोळा

हाफ मॅरेथॉनच्या सरावातले पाच किलोमीटर मी व्याह्यांच्या मोटारसायकलवर मागे बसून धावले. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे माझ्याबद्दल उगाच आदर वाटायला नको. तेव्हाची मी छप्पन्न वर्षांची. आताच्या मानाने कोवळीच, आणि अक्कल वयाहून कोवळी.

धावायचं खूळ खरं तर सुनेचं. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. भंडाऱ्याला एकवीस किलोमीटरची स्पर्धा आहे, तिथे धावायचंच, असं तिनं मनात धरलं. पण पहाटे साडेपाचला आमच्या साकोलीकडच्या रस्त्यांवर एकटी बाई धावणार कशी? कुत्री वेगळी, बघणारे वेगळे. सोबत हवी होती. मी म्हटलं, मी येते. तीस वर्षं चिखलात वाकून धानाचा रोवणा केलेली बाई मी, मला एकवीस किलोमीटरचं काय कौतुक!

सून कायम माझ्या दोन पावलं मागे असायची. मला वाटायचं, बिचारीचा दम पुरत नाही. मी मधूनमधून मान वळवून "येशील ना वं?" असं मोठ्या मायेनं विचारायची. ती हसून मान हलवायची. आठवलं की आजही मला माझीच मान पिरगाळावीशी वाटते.

तालुक्यातले एक क्रीडा शिक्षक आम्हा दहा-बारा जणांना फोनवरच्या ग्रुपमधून शिकवायचे. त्यांचा एक नियम होता. स्पर्धेच्या दोन आठवडे आधी एका दमात सोळा किलोमीटर व्हायलाच हवेत. ज्याचे झाले नाहीत त्यानं भंडाऱ्याला दहाच धावायचं. दहा म्हणजे मला पोरखेळ वाटायचा. शिवाय सुनेचं माझं ठरलेलं होतं, दोघींनी संगं निघायचं आणि संगं पोचायचं.

सुनेनं तिचे सोळा रविवारी उरकले. मी त्या दिवशी नात्यातल्या लग्नात जेवत होते, म्हणून मला सोमवारी एकटीनं निघावं लागलं. एकोडीच्या रस्त्यानं आठ जायचं, आठ यायचं. अंगात ट्रॅकपॅन्ट, मुलाचा जुना टी-शर्ट, डोक्याला ओढणी. तीन किलोमीटर झाले असतील, मागून गाडी येऊन थांबली. लेकीचे सासरे.

आमच्याकडे माझ्या वयाची बाई रस्त्यानं धावताना दिसली की माणूस आधी घाबरतो. "काय झालं जी, विहीणबाई? कोणाले काही झालं काय?" त्यांनी विचारलं. काही झालं नाही, मी उगीचच धावते आहे, हे लेकीच्या सासऱ्याला सांगायला माझी जीभ वळेना. मी म्हणाले, बस सुटली. मग बसा ना मागे, म्हणाले ते. आता नाही कसं म्हणायचं? बसले.

पाच किलोमीटर ते त्यांच्या गुडघ्याचं सांगत होते आणि माझ्या खिशातला फोन इमानेइतबारे अंतर मोजत होता. इथे ओळखीचं घर आहे, असं सांगून मी एका वळणावर उतरले. पण मी आत गेल्याशिवाय ते गाडी हलवेनात. शेवटी परक्याच्या अंगणात शिरले, पाणी मागितलं, प्यायले, गाडीचा आवाज लांब गेल्यावर बाहेर आले आणि आठ किलोमीटर धावत घरी परतले.

घरी फोन म्हणाला, सोळा. तेवढ्यात बोलून टाकलं असतं तर संपलं असतं. पण शिक्षकांनी ग्रुपवर लिहिलं की आजीबाईंकडून तरुणांनी शिकावं. सुनेनं मला मिठी मारली आणि म्हणाली, आता मले कशाचं भेव नाही.

पुढचे दोन आठवडे माझ्या जिवाला थारा नव्हता. निवडलेले तांदूळ मी पुन्हा निवडायची. बसले की पाय आपोआप हलायचे. उभी राहिले की अंगणाच्या फाटकापर्यंत जाऊन परत यायची. गुपचूप खरे सोळा धावून टाकावेत म्हटलं, तर शिक्षकांनी आता फक्त थोडं थोडं धावा असं बजावलेलं आणि सून पहारा देत होती. तिला सांगायला तीनदा तोंड उघडलं. एकदा भाजीत मीठ कमी आहे म्हणाले, एकदा मांजर दिसत नाही म्हणाले, तिसऱ्यांदा तर नुसतीच जांभई दिली.

भंडाऱ्याला तेरा किलोमीटरपर्यंत मी बरी होते. चौदाव्यात मांड्यांचं लाकूड झालं. सून हळू झाली, मग चालायला लागली. स्पर्धेला तीन तासांची मुदत होती. मी म्हटलं, तू हो पुढे. ती म्हणाली, ठरलंय ना आपलं, संगं पोचायचं. मी पुन्हा म्हटलं, ती पुन्हा नाही म्हणाली. लोक आम्हाला मागे टाकून जात होते आणि ती घड्याळाकडे बघायचं टाळत होती. मी गप्प राहिले असते तर माझ्या खोट्यापायी तिची पहिली स्पर्धा बुडाली असती.

"मी सोळा धावलीच नाही," मी म्हटलं. "पाच किलोमीटर व्याह्यांच्या गाडीवर बसली होती. अकराच झाले होते."

 तिनं हातातली पाण्याची बाटली माझ्या हातात दिली आणि ती निघाली. तोवर मी तिला कधी धावताना पाहिलंच नव्हतं, कारण ती नेहमी माझ्या मागे. तिचे पाय जमिनीला लागत होते की नाही, कळत नव्हतं. बघता बघता ती वळणाआड गेली.

उरलेले सात किलोमीटर मी चालले. पोचले तेव्हा पाण्याची टेबलं आवरून झाली होती आणि सून रस्त्याच्या कडेला बसली होती. गळ्यात पदक, चेहरा बंद. परतीच्या वाटेवर लाखनी येईपर्यंत ती बसच्या खिडकीबाहेर बघत होती. शेवटी मीच म्हणाले, चुकलं माझं, तेही स्वतःच्या बुटांकडे बघून.

तेव्हा ती म्हणाली, "राग आहेच, आई, तो आठ दिवस काही जात नाही. पण तुमी मागं राहिल्या ना, तेव्हा मले पहिल्यांदा समजलं, मी तुमच्यासाठी किती हळू धावून राहिली होती."