चिन्ह का बदलतं

दहावीची उजळणी घेत होतो. फळ्यावर लिहिलं होतं, क्ष अधिक तीन बरोबर दहा. "तीन पलीकडे नेला की वजा होतो," मी सवयीने म्हणालो.

"सर, पलीकडे गेल्यावर चिन्ह का बदलतं?" सानिकाने विचारलं.

"नियम आहे."

तिने निमूटपणे ते लिहून घेतलं. माझ्या सरांनी सांगितलं तेव्हा मीही असंच लिहून घेतलं होतं. दोन्ही बाजूंतून तीन वजा करायचे, एवढंच तर कारण. सांगायला दोन मिनिटं लागली असती, पण तास संपायच्या आत अजून अकरा गणितं उरकायची होती. शाळेत, घरी, किती दारं मी याच दोन शब्दांनी आतून लावून घेतली असतील.

मी फळा पुसला. सानिका 'नियम आहे'खाली पट्टीने रेघ मारत होती.