पास केलेलं पातेलं

मनोरमा नरवणकरने स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात चोवीस वर्षं नोकरी केली आणि शेवटची चौदा वर्षं त्या कारखान्याचं एकही भांडं आपल्या गॅसवर चढू दिलं नाही. शेजारणी हसायच्या. हसणाऱ्यांना काय, आतली गोष्ट हिला एकटीला माहीत होती.

भाईंदर पश्चिमेला गुणवंतशेठचा कारखाना. मनोरमाचं काम तपासणीचं. पॉलिश होऊन आलेलं पातेलं हातात घ्यायचं, काठावरून अंगठा फिरवायचा, बुडावर टिचकी मारून आवाज ऐकायचा. ठीक असेल तर डावीकडे सरकवून म्हणायचं, "पास." काठ हाताला कापत असेल, बूड डुगडुगत असेल, तर उजवीकडच्या हातप्रेसखाली धरून बुडाला भोक पाडायचं. भोक पडलेलं भांडं कोणी चोरून बाजारात घुसवू शकत नसे, ते वितळायलाच जाई. पहिली दहा वर्षं ती दिवसाला पंधरा-वीस भांड्यांना भोकं पाडी आणि संध्याकाळी ताठ मानेने घरी येई.

मग पत्रा पातळ व्हायला लागला. आधी थोडा, मग इतका की पातेलं दोन बोटांनी दाबलं तर पोट आत घ्यायचं.

"शेठ, यात भाजी करपणार."

"मनोरमाबेन, चालवून घ्या ना. लेडीज लोक चमक बघतात. पत्रा कोण बघतो?"

"मी बघते."

"तुम्हाला पगार मी देतो," शेठ हसून म्हणाले. माणूस गोडबोल्या होता, धमकीसुद्धा पेढा दिल्यासारखी द्यायचा.

पुढच्या सोमवारी हातप्रेस जागेवर नव्हता. दुरुस्तीला गेलाय म्हणाले. तो परत आलाच नाही. मनोरमाचा नवरा पंढरीनाथ कंपनी बंद पडल्यामुळे घरी बसलेला, मुलगा नीलेश शाळेत. नोकरी सोडून कुठे जाणार? पुढची चौदा वर्षं ती रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकच शब्द बोलत राहिली. पास, पास, पास.

जुन्या भांड्यांचा नाद तिला लागला तो तेव्हा. शनिवारी सुटली की ती बाजारातल्या मोडवाल्याकडे वळायची. बायका तिथे सासवांचं, आजेसासवांचं पितळ आणून घालायच्या आणि समोरच्या दुकानातून चकचकीत स्टील घेऊन जायच्या. म्हणजे मनोरमाने पास केलेलं स्टील त्यांच्या घरी आणि त्यांनी मोडीत काढलेलं पितळ हिच्या घरी.

"मौसी, तुम्हारे वास्ते बाजू में रखेला है," मोडवाला ओरडायचा. ती तिथेच फूटपाथवर बसून प्रत्येक भांड्याच्या काठावरून अंगठा फिरवायची. फिरकीचा तांब्या, ज्याचं झाकण तीन आट्यांत असं बसायचं की उलटा केला तरी थेंब सांडणार नाही. बिडाचा तवा. लोखंडी खवणी, जिचे दाते झिजले होते पण एकही वाकला नव्हता. यातलं काही तिने कपाटात मांडलं नाही. चिंचेने घासायची, कल्हई करून आणायची आणि वापरायची.

"घरात माणसं तीन आणि म्हाताऱ्या भांड्यांची वरात तीसची," पंढरीनाथ म्हणायचा. पण त्यातल्याच एका पातेल्यातली आमटी दोनदा मागून घ्यायचा.

ते पातेलं सगळ्यांत लाडकं. जाड पितळेचं, काठ बोटभर वळवलेला, कडेला ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं नाव, "सौ. मंदा". ही मंदा कोण, आहे की गेली, देव जाणे. पण तिला भांडं निवडायची अक्कल होती. एकवीस वर्षांत त्या पातेल्यात आमटी एकदाही लागली नाही.

पंढरीनाथ गेला. नीलेशचं लग्न झालं. गुणवंतशेठने एक्कावन्न नगांचा स्टीलचा सेट आहेर पाठवला. मनोरमाने तो कागदासकट माळ्यावर टाकला.

मग गेल्या वर्षी मीरा रोडची त्यांची बिल्डिंग पाडायची ठरली. नवी होईपर्यंत भाड्याने राहायचं ते सतराव्या मजल्यावर. माळा नाही, मोरी नाही, नुसत्या सरकत्या ट्रॉल्या.

"आई, एक खोकं. फक्त एक," सून संजना म्हणाली. वाईट नव्हती ती, घाईत होती. "तुमच्या त्या पितळेच्या वजनाने ट्रॉलीची पट्टीच निखळेल."

"मग ट्रॉली भिकार आहे."

"असेल. पण घरमालकाची आहे."

"आई, मोडवाल्याला देऊन टाकू या ना," नीलेश मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाला.

"मोडीतून सोडवून आणलेलं मी परत मोडीत घालू?"

तिला एकच हवं होतं. भांडी कुणाच्या तरी विस्तवावर चढली पाहिजेत. पैसे नकोत, जागेचा हट्ट नाही, पण वापरणारे हात हवेत. संजनाने सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकले. त्यावरून रुचिता आली. तिशीची, दादरहून मीरा रोडला राहायला आलेली, बोलायला मोकळी. मनोरमाने तिची चक्क तोंडी परीक्षा घेतली.

"कल्हई म्हणजे काय?"

"आतून ते सिल्व्हर असतं ना, काकू?"

"कथील. कल्हई उडाली असेल तर त्यात आंबट शिजवशील?"

"अंऽ... नाही?"

"विचारू नकोस, सांग."

"नाही शिजवणार!"

"शोभेला नको हं. आधीच सांगते."

"काकू, रोज वापरणार. प्रॉमिस. मला ना, हल्लीच्या त्या प्लास्टिक-बिस्टिकचा वीट आलाय. जुन्या वस्तूंना कसं, एक वजन असतं." असं म्हणत तिने मंदाचं पातेलं उचललं आणि काठावरून हळूच अंगठा फिरवला.

तिथेच मनोरमा फसली.

दोन रिक्षा भरून भांडी गेली. मनोरमाने तवा तेवढा ठेवून घेतला. माळ्यावरचा सेट खाली आला तशी संजना हरखली. "आई, एवढा नवाकोरा सेट लपवून ठेवला होतात?" सतराव्या मजल्यावरच्या ट्रॉल्यांत तो सेट कसा अगदी मापात बसला.

चार महिने गेले. दिवाळी जवळ आली. फराळाच्या आधी कल्हई करून घ्यायला हवी, त्या पोरीला कुठे सुचणार, म्हणून मनोरमाने चार जणांना विचारून भाईंदरला एक कल्हईवाला शोधून काढला. त्याचा नंबर कागदावर लिहिला, घासायला पाव किलो चिंच पिशवीत घेतली आणि रुचिताच्या दारात उभी राहिली.

"काकू! या ना! मी तुम्हाला बोलावणारच होते. तुम्ही बघाच!"

तिने बघितलं. खवणी भिंतीवर टांगली होती, दात्यांना दोरा गुंडाळून फोटो लटकवलेले. फिरकीच्या तांब्यातून वायर बाहेर आली होती, वर बल्ब. गॅलरीत ओळीने बाकीची भांडी, सगळी काळीहिरवी पडलेली.

"घासत नाहीस?"

"नाही काकू, घासायचं नाहीच! हा जो रंग चढतो ना, त्यालाच लोक वेडे होतात. घासलं की सगळं गेलं."

कोपऱ्यात मंदाचं पातेलं होतं. त्यात माती आणि मातीत मनीप्लांट. मनोरमा वाकली, पातेलं कुंडीसकट... कुंडी कसली, तेच कुंडी होतं... एका कुशीवर कलतं केलं आणि बुडाखाली हात घातला. पेर आत गेलं.

"हे भोक?"

"मी पाडलं!" रुचिता खुशीत होती. "व्हिडिओ बघून. ड्रिल मागवलं खास. काय जाड आहे हो काकू ते, दोन बिटं तुटली! पण पाणी साचलं की मुळं कुजतात ना."

मनोरमाचं बोट भोकातच होतं. कड खरखरीत होती, तासलीसुद्धा नव्हती.

"भांडं मेलं गं हे."

"असं काय म्हणता काकू?" रुचिताचा चेहरा खरोखरच पडला. "तुम्हीच म्हणालात ना, वापर. रोज पाणी घालते मी. एक दिवस चुकवत नाही."

मनोरमाने बोट भोकातून काढून घेतलं आणि पातेलं सरळ केलं. शब्द घ्यायला ती चुकली होती. शिजव म्हणायला हवं होतं, ती वापर म्हणाली. आता परत घेऊन तरी काय करणार? भोक बुजवलेलं पातेलं विस्तवावर टिकत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक?

"चहा ठेवू ना, काकू?"

"नको. उशीर झालाय." दुपारचे चार वाजले होते. रिक्षात बसल्यावर तिने कल्हईवाल्याचा नंबर पर्समधून काढला आणि चुरगाळून टाकला.

पिशवीतली चिंच तशीच परत आली होती, मग ती भिजत घातली आणि संध्याकाळी आमटी केली. सेटमधल्या पातेल्यात, दुसरं होतंच कुठे. डावाने ढवळताना पातेलं शेगडीवर नाचत होतं, एवढं हलकं. तिने ढवळायचं सोडलं आणि नुसती बघत उभी राहिली. आठव्या-नवव्या मिनिटाला वास आला.

"आई, आमटी लागली वाटतं!" संजना बाहेरून ओरडली.

"लागणारच," मनोरमा म्हणाली. "पातेलं मी पास केलेलं आहे."

सासूबाई आज खुशीत दिसताहेत, असं वाटून संजना हसली. मनोरमाने गॅस बंद केला आणि बूड खरवडायला घेतलं.