माझ्या पुस्तकातली पहिली पानं

"बाई, जरा मागं व्हा. साहेब लोक दिसंना गेलेत."

फोटोवाला मलाच म्हणून राह्यला व्हता. जालन्यातला हॉल, अन् माझ्या पहिल्या कादंबरीचं प्रकाशन. रंगीत कागद फाडून पुस्तक बाहेर काढलं. सगळ्या पाहुण्यांनी एकेक प्रत छातीशी धरली अन् हसून उभे राह्यले. मी मागं झाले. पार बॅनरला पाठ टेकंपर्यंत. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. पुस्तक माझं, पाहुणे सगळे, अन् मी न्हाईच. कुणाच्या तरी खांद्यामागं माझ्या साडीचा काठ तेवढा दिसत व्हता.

मधोमध सर व्हते. कॉलेजातून रिटायर झालेले. जिल्ह्यातलं सगळं साहित्य आपल्या बापाचं असल्यासारखे वागायचे. पुस्तकाला प्रस्तावना त्यांचीच. प्रकाशकाचा हट्ट व्हता, सरांचं नाव असलं की वजन येतं. सर भाषणात म्हणले, "बाई बौद्ध वस्तीतल्या. ऊसतोड मजुराच्या पोटी जन्मलेल्या. तेव्हा भाषेकडे जरा कानाडोळा करा, भावना बघा."

लोक हसले. टाळ्या वाजल्या. मी खांद्यावर शाल घेऊन बसले व्हते.

आईला वाचता येत न्हाई. तिची उमर अंकुशनगरच्या कारखान्यासाठी ऊस तोडण्यात गेली. कादंबरी तिचीच हाय. तिचं बोलणं मी जसंच्या तसं उतरवलंय. एक दिवस नसीमआपा परतूरला आमच्या घरी आल्ती. गावातच तिचं शिलाईचं दुकान. घरी उर्दू बोलती, कथा मराठीत लिहिती. आई तिला म्हणली, "वाच बरं, माझ्या लेकीनं काय लिव्हलंय."

आपानं पहिल्या पानापासून सुरू केलं. म्हणजे सरांपासून. अडाणी माणसं, ओबडधोबड बोली, वाचकांनी मोठ्या मनानं क्षमा करावी. आई गुमान ऐकत व्हती. मंग म्हणली, "माझ्या बोलण्यापायी ह्यो लोकाची माफी कशाला मागून राह्यला? म्या काय गुन्हा केला?"

आपा वाचायची थांबली.

"अन् तुझं कवा येतं गं?" आईनं मला विचारलं.

फोटोत मी सरांच्या मागं, पुस्तकातबी सरांच्या मागं. अन् माझी आई त्याच्याबी मागं. अंगाची नुसती आग झाली माझ्या. त्या हॉलमधी व्हायला पायजे व्हती, ती तिथं चुलीपुढं झाली.

यंदा कादंबरीची पेपरबॅक काढायचं ठरलं. मी प्रकाशकाला फोन लावला. म्हणलं, "सरांची प्रस्तावना काढा. त्या पानांवर नसीमआपाची कथा घ्या."

"वेडबिड लागलं का ताई? सर नाराज झाले तर जिल्ह्यात एक कार्यक्रम मिळणार नाही."

"नको मिळू दे. प्रस्तावना ठेवायची असंल तर माझी कादंबरी मला वापस द्या."

पहिली आवृत्ती हातोहात खपल्ती, म्हणून त्यानं ऐकलं. आपाचीच कथा का? तर याच सरांनी तिला एकदा म्हणलं व्हतं, "मुसलमान असून मराठी छान आहे हो तुमचं. पण तुम्ही उर्दूतच लिहा ना." घ्या! सात पिढ्या परतूरच्या मातीत गेल्या तिच्या. तिनं मराठीत लिहिलं तर यांच्या पोटात का दुखावं?

पुस्तक आलं. सरांचं नाव न्हाई म्हणल्यावर हॉल कुणी दिलाच न्हाई. मंग आपाच्या दुकानापुढं टेबल टाकलं, बाजाराच्या दिवशी. तीर्थपुरीचा एक कवी स्वतःच्या कविता घेऊन आल्ता. त्यालाबी म्हणलं, मांड इथंच. रंगीत कागद न्हाई, शाल न्हाई. आईनं एक प्रत उचलली अन् हातात धरून बसली.

दुपारी सर गाडीतून उतरले. पुस्तक चाळलं. "माझी प्रस्तावना कुठंय?"

"काढली."

"काढली? अहो, माझ्याशिवाय तुमचं पुस्तक हातात कोण घेणार?"

"म्या घेतलंय की," आई म्हणली.

सरांनी तिच्याकडं पाह्यलंसुद्धा न्हाई. तेवढ्यात कवीनं फोटोसाठी मोबाईल काढला, अन् सर सवयीनं मधोमध येऊन उभे राह्यले. बिलकुल आईच्या पुढं.

मी म्हणलं, "सर, जरा मागं व्हा. आई दिसंना गेलीय."

ते मागं झाले न्हाईत. गाडीत बसून निघून गेले. आता मी ऐकून राह्यलेय, की सरांनी माझं नाव सगळ्या कार्यक्रमांतून काटून टाकलंय. काटा म्हणावं. पुढच्या पुस्तकाची पहिली पानं तीर्थपुरीच्या कवीची. त्याच्या पुढच्या पुस्तकाची, ज्याला कुणी दारात उभं करत न्हाई त्याची. लिहायला हात चालतोय तवर हेच चालणार.

अन् माफी मागायचीच असंल, तर सरांनी परतूरला यावं अन् माझ्या आईची मागावी. तवर हे भांडण मी मिटू देणार न्हाई.