मागच्या डाव्या चाकाची हवा

माझं अक्षर वेडंवाकडं आहे आणि शुद्धलेखनही चुकणार, त्याची माफी असावी. चौथीनंतर पेन फारसा हातात आला नाही. मुलगी लग्न होऊन नांदेडला गेली, तिची अर्धी कोरी वही घरात होती, तिच्यात लिहिते आहे.

मालक वारले तेव्हा दारात पिकअप राहिली. चालवायला त्यांनीच शेतात शिकवलं होतं. मी देवणीहून उदगीरच्या अडतीवर माल नेऊ लागले. धाकट्या दिराला ते पटलं नाही, पण भाडं मिळत होतं तोवर त्याला बोलायला जागा नव्हती.

मालकांनी चारही चाकांना हवा मोजणारी टोपणं बसवली होती. त्यांचे आकडे स्टेअरिंगपुढच्या डबीत दिसतात. हवा कमी झाली की डबी ओरडते. गेल्या थंडीत ती मागच्या डाव्या चाकासाठी रोज ओरडायला लागली. पंक्चरवाला हवा मोजायचा, व्हॉल्व्हला थुंकी लावून बघायचा. बुडबुडा येत नव्हता, हवाही बरोबर असायची. देवणी सोडली की पुन्हा तेच. हमाल म्हणायचे, मावशीची गाडी रडायली. मी मान खाली घालून पोती मोजायची. शेवटी अडत्याने सांगितलं, चाक नीट होईपर्यंत तुमच्या गाडीत माल भरू देणार नाही.

दीर म्हणाला, "वैनी, गाडी इकून टाका. तुमच्यानं व्हायचं न्हाई."

निलंग्याच्या भावाकडून पैसे आणून मी नवा टायर टाकला. तिसऱ्या दिवशी डबी ओरडलीच. गाडी कडेला लावून बसले. मुलीला फोन लावला, ती स्वयंपाकात होती, नंतर करते म्हणाली.

घरी रिमोट चालला नाही की मी त्याचा सेल भिंतीवरच्या घड्याळात घालून बघते. घड्याळही थांबलं तर दोष सेलचा. तसंच मागच्या दोन चाकांची टोपणं अदलाबदल केली. डावं टोपण उजव्या चाकावर गेलं, तरी डबीत त्याचाच आकडा कमी. डाव्या चाकावर उजवं टोपण बसलं, त्याचा आकडा ठीक. चाकं दोन्ही चांगली होती. घड्याळवाल्याने टोपणातला बटणाएवढा सेल बदलला. डबी गप्प झाली.

अडत्याने पुन्हा माल भरू दिला. दीर गाडी विकायचं पुन्हा बोलला नाही. रिकामी गाडी घेऊन परतताना मात्र डबीच्या आवाजावाचून बरेच दिवस करमलं नाही.

टायर उगाच घेतला हे भावाला सांगायची लाज वाटली. दर महिन्याला थोडे पैसे घेऊन निलंग्याला जायची, भावजय चहा करायची, मी तासभर बसायची. परवा शेवटचे दीड हजार दिले, तेव्हा सगळं सांगितलं.

तो म्हणाला, "अक्का, आधी मला इचारायचं तरी."

"तू कामात असतोस," मी म्हटलं.

आता दर महिन्याला निलंग्याला जायचं कारण राहिलं नाही. पैसे पूर्ण फिटले.