रिकामी पाटी

“कागद खाली ठेवा,” संपादक मॅडम माझ्या कानाशी म्हणाल्या. “तुमच्या भाषेत बोला. हाय, न्हाय, तसं. लोकांना तेच ऐकायचंय.”

पुण्यातलं सभागृह. गार हवा. पहिल्या रांगेत देणगीदार. मंचामागच्या फलकावर मोठ्या अक्षरांत ‘आवाज नसलेल्यांचा आवाज’. माझा आवाज बारामतीच्या एसटी स्टँडवर या टोकाचा त्या टोकाला ऐकू जातो. पण फलक छापून झाला होता.

कार्यक्रम एका बातम्या देणाऱ्या संस्थेचा, मी तिची गावाकडची बातमीदार. संस्था नफा कमवत नाही, जाहिराती घेत नाही, सामान्य माणसाची पत्रकारिता करते. मला हे सगळं खरं वाटलं होतं. अजूनही थोडं वाटतं, हीच अडचण आहे.

कार्यक्रमाआधी एका विश्वस्तांनी माझं नाव विचारलं. ऐकून म्हणाले, “अरे वा, तुमचं मराठी किती छान आहे.” बारामतीत माझ्या वडिलांचं शिलाईचं दुकान. आमच्या मुसलमान घरात पणज्यापासून भांडणंसुद्धा मराठीतच होतात. मी म्हणाले, “तुमचंही छान आहे.” ते हसले. त्यांना विनोद वाटला.

म्हणजे एकाला माझ्या चांगल्या मराठीचं नवल, आणि दुसरीला तेच नको.

माझ्या शेजारी शालनमावशी बसली होती. भिगवणजवळ, उजनीच्या पाण्याच्या काठावर राहते. मासे विकते. तिची बातमी मी केली होती. पक्षी बघायला येणाऱ्यांसाठी काठावर एक हॉटेल झालं आणि हॉटेलवाल्यांनी पाण्याकडं जाणाऱ्या वाटेवर तार ओढली. आता बायका डोक्यावर ओझं घेऊन लांबून वळसा घालतात. बाजारात पोचेपर्यंत लिलाव उरकलेला असतो आणि मासा मऊ पडलेला असतो. ग्रामपंचायतीच्या नकाशात ती वाट आहे. नकाशाचा फोटो मी बातमीला जोडला होता.

ज्याची बातमी त्याला आधी वाचून दाखवायची, हा नियम मला त्या संस्थेच्याच शिबिरात शिकवला. म्हणून मावशीच्या ओट्यावर बसून मी सगळं वाचलं. ती खवलं काढता काढता ऐकत होती. शेवटी म्हणाली, “बाकी काय बी गाळ पोरी. वाटंचं गाळू नगं.”

मी शब्द दिला.

बातमी आली तेव्हा त्यात वाट नव्हती. नकाशा नव्हता. मावशी होती, तिचं हसू होतं, मागं गुलाबी पक्षी. मथळा, ‘पाण्याशी जडलेलं नातं’. मी फोन केला. मॅडम म्हणाल्या, तार, नकाशा हे फार स्थानिक होतं, शहरातल्या वाचकाला उमेद लागते. आणि तुम्ही कार्यक्रमात सांगा की ते, मंच तुमचाच आहे.

मी विश्वास ठेवला. मावशीला म्हटलं, चल, तिथं मोठी माणसं असतात, तिथं बोललं की हलतं. तिचा एक दिवसाचा बाजार बुडवून तिला मीच पुण्याला आणलं.

आमची नावं पुकारली. मॅडमनी मावशीच्या हातात एक पाटी दिली. बांबूची, कोरी करकरीत. फोटोसाठी. मावशीनं ती उलटीपालटी करून पाहिली आणि मला हळूच विचारलं, “माशाबिगर पाटी घिऊन कुटं उभी राहू? येडी म्हंत्याल मला.”

मला हसू आलं. मग त्या हसण्याची लाज वाटली. मलाही त्यांनी तेच दिलं होतं, बातमी काढून घेतलेला रिकामा मंच.

मी कागद खाली ठेवला नाही. गाळलेला परिच्छेद वाचला. प्रमाण मराठीत, पूर्णविरामांसकट. तार कुठं आहे, वाट कुठून जाते, नकाशात ती कशी दाखवली आहे. पहिल्या रांगेतले देणगीदार एकमेकांकडं बघू लागले. लग्नात कुणी जुनं भांडण उकरल्यावर बघतात तसं. मॅडम उठल्या आणि माइकसाठी हात पुढं केला. मी माइक मावशीला दिला.

ती एवढंच म्हणाली, “त्येवडी वाट मोकळी करा. मंग काडा फोटू.”

टाळ्या. उभं राहून टाळ्या. निवेदक म्हणाले, ही खरी मातीची भाषा. विश्वस्त डोळे पुसत होते. कुठली वाट, हे एकानंही विचारलं नाही.

परतीच्या एसटीत हडपसर मागं पडलं. मावशी म्हणाली, “टाळ्या कशापायी वाजवीत व्हती ती?”



दुसऱ्या दिवशी मी संस्थेला लिहिलं, वाट छापा, नाहीतर बातमीवरून माझं नाव काढा. उत्तर आलं की तुमच्या भावना समजू शकतो. भावना मी कळवल्याच नव्हत्या. नकाशा पाठवला होता.

आता मी भिगवणच्या मासळी बाजारात वाचते. लिलाव सुरू व्हायच्या आधी, मोठ्यानं, पूर्ण बातमी. नकाशाची प्रत तिथल्या खांबाला चिकटवलीय. एकदा हॉटेलचा मॅनेजर येऊन ऐकून गेला. मग सरपंचांचा निरोप आला, जरा दमानं घ्या. पुण्यात मला दमानं घ्या असं कुणी म्हटलं नव्हतं. तिथं गरजच पडली नाही.

वाट अजून बंद आहे. येत्या ग्रामसभेत मावशी विषय मांडणार आणि मी वाचणार. तिची पाटी तेव्हा भरलेली असेल, तिथून तिला बाजार गाठायचाय. कुणी टाळ्या वाजवल्या, तर त्या संपेपर्यंत मी थांबेन. आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचेन.