काचेपलीकडचा बाक

माझी मुलगी बर्फावरची हॉकी खेळते असं पुण्यात सांगितलं की माणसं आधी हसायची आणि मग विचारायची, "गुडगावात बर्फ कुठनं आला?" मॉलमधनं आला. सगळ्यात वरच्या मजल्यावर, फूड कोर्टला लागून, यंत्रानं गोठवलेली रिंक होती. आम्ही नोकरीपायी इथे आलो तेव्हा टॉवर उभे होते, पण त्यांच्यापर्यंत जाणारा धड रस्ता नव्हता आणि पाणी टँकरनं यायचं. बर्फ मात्र बारा महिने. असल्या ठिकाणी मुलीनं काय खेळावं यावर मी तरी काय बोलणार होते?

मॉल उघडायच्या आधी, सकाळी सहा ते आठ, सराव चालायचा. आम्ही मागच्या दारानं आत शिरून सामानाच्या लिफ्टनं वर जायचो. रिंकभोवती काच होती आणि काचेपलीकडे, तिच्या गोलच्या अगदी समोर, एक बाक. भर मे महिन्यात मी तिथे शाल गुंडाळून आणि मांडीवर लॅपटॉप घेऊन बसायचे. अमेरिकेतल्या मंडळींच्या मेल नेमक्या तेव्हाच यायच्या. नवरा त्या काळात बंगळुरूत नोकरीला होता, त्यामुळे नेणं-आणणं माझ्याकडेच होतं.

ती गोलकीपर. पहिल्या वर्षी तिची एकच तक्रार होती, जागा चुकते. गोल पाठीमागे असतो, तो दिसत नाही. एकदा डावीकडे झेपावलं की आपण परत मधोमध आलो की नाही ते कळत नाही, आणि ती काळी रबरी चकती उरलेल्या फटीतून आत जाते. मला खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण माझं तोंड गप्प बसेल तर शपथ. माझ्या बाकाच्या मागे एका बुटांच्या दुकानाची लाल पाटी होती. दुकान बंद असलं तरी ती जळत राहायची. मी म्हटलं, "ती पाटी बरोब्बर नाकासमोर आली की तू मधोमध आहेस. संपलं." आणि चाललं की ते! पंधरा दिवसांत ती सुधारली.

कोच निवृत्त फौजी, लडाखचे. त्यांना हे पसंत पडलं नाही. "मॅडमजी, गोलकीपर को खंभे से पूछना चाहिए," ते म्हणाले. दर वेळी काठीनं आधी गोलचा डावा खांब ठोकायचा, मग उजवा, म्हणजे न बघता जागा कळते, ही त्यांची पद्धत. ते जवळ असले की मुलगी ठोकायची, ते वळले की विसरायची. मीही मनात म्हटलं, इतकी सोपी युक्ती असताना ही ठोकाठोकी कशाला!

एकदा फारच गारठले म्हणून मी उठून फूड कोर्टच्या बाजूला जाऊन बसले. दोन मिनिटांत आतून काचेवर काठी आपटली. "आई, यार, तू वहीं बस ना. हलू नको, प्लीज." मला वाटलं, आई इकडेतिकडे फिरली की पोरीला मैत्रिणींसमोर लाज वाटत असेल. वयच तसलं. मी निमूट परत जागेवर येऊन बसले.

तिसऱ्या वर्षी तिची भारताच्या महिला संघात निवड झाली. आशियातल्या देशांची स्पर्धा होती, परदेशात, आणि हेच कोच संघाबरोबर जाणार होते. बाकी जवळजवळ सगळ्या मुली लडाखच्या, गावच्या गोठलेल्या तळ्यांवर शिकलेल्या. त्या हिला "मॉलवाली" म्हणायच्या. प्रेमानंच म्हणायच्या, पण तिला ते लागायचं. गोलकीपर दोघी होत्या. कोचनी साफ सांगितलं होतं की पहिल्या सामन्यात मॉलवाली उभी राहील, आणि जमलं नाही तर उरलेली सगळी स्पर्धा दुसरी खेळेल. म्हणजे तीन वर्षांच्या सकाळींचा निकाल एका सामन्यात लागणार होता.

"आई, तू येतेयस ना?" तिनं विचारलं. नेमका त्याच आठवड्यात आमच्याकडे क्लायंट यायचा होता. मी म्हटलं, "बघू." माझ्या "बघू"चा अर्थ तिला लहानपणापासून माहीत आहे. तिनं पुन्हा विचारलं नाही.

सामना दुपारी होता. मी मीटिंग रूममध्ये क्लायंटसमोर बसले होते आणि लॅपटॉपच्या कोपऱ्यात, आवाज बंद करून, सामना चालू होता. चित्र अडकायचं, मग एकदम पुढे सरकायचं. केवढी मोठी रिंक! आमच्या मॉलमधल्यासारख्या तीन-चार तरी तिच्यात मावल्या असत्या. तिच्या एका टोकाला माझी पोर मुखवटा घालून उभी होती.

पहिला गोल बघता बघता गेला. दुसरा त्याच्या पाठोपाठ, त्याच बाजूच्या फटीतून. तेव्हा माझ्या लक्षात आलं. झेप घेऊन उठली की ती मान वर करायची आणि समोर, पार पलीकडच्या गॅलरीत, काहीतरी शोधायची. तिथे नुसत्या रिकाम्या निळ्या खुर्च्या होत्या. तेवढ्यात चकती येऊन पोचायची. पाटी! पोरगी लाल पाटी शोधत होती. तिचं काय बिनसलंय ते त्या क्षणी मला कळत होतं, कारण बिनसवलं मीच होतं. तिसऱ्या गोलला माझ्या तोंडून "अगं, मागे हो!" निघून गेलं. क्लायंट बोलता बोलता थांबला. बॉसनं माझ्याकडे पाहिलं. मी "सॉरी, प्लीज कंटिन्यू" म्हटलं आणि टेबलाखाली मुठी आवळून बसले.

चार गोल खाऊन पहिलं सत्र संपलं. पुरतं पानिपत. मध्ये पंधरा मिनिटं होती. मी पोट बिघडल्याचं सांगून जिन्यात पळाले आणि फोन लावला. तिचा फोन बंद. मग मेसेज टाकला, "पाटी शोधू नकोस. खांब ठोक. डावा, उजवा. चूक माझी आहे." एकच टिक आली. दुसरी येईना. मी जिन्यात उभी राहून त्या टिककडे बघत होते. आता हिला बाहेर काढणार, आणि मॉलवालीला जमलं नाही हे तिच्या कपाळी कायमचं लागणार, एवढंच डोक्यात होतं.

दुसऱ्या सत्राला गोलमध्ये पुन्हा तीच उभी राहिली. काठी उचलून तिनं डावा खांब ठोकला. उजवा ठोकला. चकती आली, अडवली. डावा, उजवा. पुन्हा अडवली. मान एकदाही वर झाली नाही. मी मीटिंगमध्ये परत गेलेच नाही. मोबाइलवर सामना लावून जिन्यातच उभी राहिले. तिसरं सत्र संपेपर्यंत तिनं एकही गोल जाऊ दिला नाही. सामना आम्ही चार-दोननं हरलो, पण तिची जागा वाचली. मी सासर-माहेरच्या सगळ्या ग्रुपवर कळवून टाकलं, आणि माझा मेसेज वेळेवर पोचला म्हणून स्वतःची पाठही थोपटून घेतली.

संध्याकाळी तिचा फोन आला.

"मेसेज वाचलास ना माझा?" मी विचारलं.

"कौनसा मेसेज? फोन तर आत्ता चालू केला."

विश्रांतीत कोचनी तिला जवळ बोलावून एवढंच सांगितलं होतं, "बेटा, बाहर तेरा कोई नहीं बैठा है. खंभे से पूछ."

"तू वर बघायला लागलीस तेव्हाच मला कळलं," मी म्हटलं. "त्या मेल्या लाल पाटीची सवय मीच लावली तुला."

"लाल पाटी?" ती म्हणाली. "आई, ती तर दिवाळीच्या आधीच काढली. दुकानच बंद झालं ना ते. तू रोज तिथेच बसायचीस, तुला दिसलं नाही?"

नव्हतं दिसलं. पाटीकडे माझी पाठ होती आणि डोकं लॅपटॉपात.

"मग काय शोधत होतीस तू?"

"तुला. और किसको? तू मधोमध बसतेस ना."

तिनं हे अगदी सहज सांगितलं. मी फोन ठेवला आणि ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून रडले.

ती परत आल्यावर कोचनी मला त्या बाकावर बसायची बंदी केली. "मॅडमजी, बुरा मत मानना," ते म्हणाले. वाईट कसलं वाटून घेणार, बरोबरच होतं त्यांचं. मी फूड कोर्टात भिंतीआड बसू लागले. तिथून रिंक दिसत नाही, फक्त आवाज येतो. डावा, उजवा. डावा, उजवा. मला फार बरं वाटायचं आणि तितकंच वाईटही. लॅपटॉप मी घरी ठेवून यायचे. तिला मी तिथून दिसत नव्हते, तरी आठ वाजेपर्यंत जागेवरून हलायचे नाही.