लिंबाखालची गंगव्वा

मला जुनी स्मशानं बघत हिंडायचा नाद आहे. सुट्टी आली की लोक थंड हवेला जातात, मी कानडी मुलखातल्या हुलसूरला, ओळखीच्या म्हाताऱ्या निलक्काकडे जातो. बायकोनं आता बोलणंही सोडलंय.

तिथल्या लिंगायत रुद्रभूमीतला एकेक दगड निलक्काच्या ओळखीचा. त्यांच्यात मेलेल्या माणसाला खड्ड्यात मांडी घालून बसवतात, म्हणून तिच्या तोंडी 'पुरलंय' हा शब्दच नाही. "हितं आमचे चुलतसासरे बसलेत. लई भांडकुदळ. वाटंवरच बसवलंय, येणाऱ्या-जाणाऱ्यासंगं भांडू दे म्हणून."

शेवटी ती लिंबाखालच्या बिननावाच्या लहानशा दगडापाशी थांबायची. तिची थोरली लेक गंगव्वा तीन वर्षांची असताना तापानं गेली. निलक्का तेव्हा बाळंतीण, तिला खोलीबाहेर येऊ दिलं नाही. नवरा परत येऊन एवढंच म्हणाला, "लिंबाखाली बसवलंय पोरीला." मरेपर्यंत त्यानं पुन्हा तो विषय काढला नाही, आणि त्याचा चेहरा बघून हिनंही विचारलं नाही. हिंडूफिरू लागल्यावर ती एकटीच आली आणि लिंबाखालचा हा दगड तिला सापडला. तेव्हापासून दर अमावास्येला तिथं पणती आणि वाटीभर दूध.

यंदा मागच्या अंगाच्या वेड्या बाभळी तोडल्या, तेव्हा मीही तिथं होतो. तिचा दीर गुरुलिंग एकदम हाका मारायला लागला. झुडपांच्या आत दुसऱ्या एका लिंबाचं वाळलेलं खोड होतं. बुडाशी दगड, त्यावर कानडीत गंगव्वाचं नाव आणि खाली बापाचं.

निलक्का मटकन बसली. पदरानं माती पुसत राहिली. "माय माझी, तू हितं अंधारात, आन् मी तिकडंच दिवा लावायले गं इतकी वर्सं!"  

गुरुलिंग हळूच म्हणाला, "वैनी, आता तिकडच्या दगडाला जाऊ नगा. कुणाचं लेकरू हाय, काय ठावं."

ती उसळलीच. "कुणाचं का असंना! गंगव्वा म्हणून हाक मारलीया मी तिला. आता कामून सोडू?"

पुढच्या अमावास्येला मी मुद्दाम गेलो. निलक्कानं दोन पणत्या आणल्या होत्या, दूधही दोन वाट्या. आधी ती लेकीपाशी बसली. दगडावरून हात फिरवत समजूत घालू लागली,

"रुसू नगंस, बाय. तुझ्या वाटचं दूध तिनं पिलं, व्हय. पर तिला दुसरं कुणीच आलं न्हाई गं."